बस्ता बांधायला आता कोण येतं?

दोन आया एकत्र आल्या की हल्ली एक विषय हमखास निघतो. ‘आमचा पाच-पाच हजारांचे बूट घेतो, पण दिवाळीला एक झब्बा घे म्हटलं की नाक मुरडतो.’ ‘आमचीला दर महिन्याला कुठेतरी फिरायला जायचं असतं. साडी घे म्हटलं तर म्हणते, आई, मी नेसू कधी?’ बाबा लोक यात सहसा पडत नाहीत, पण पडले तर थेट निकालच देतात: ‘ही पिढी आपले सगळे जुने धंदे बुडवणार.’

या निकालाबद्दलच आज तुमच्याशी बोलायचं आहे. मला तो अर्धाच मान्य आहे. मुलांच्या खर्चाच्या सवयी बदलल्या आणि त्याची झळ हातमागापासून तांबटाच्या भट्टीपर्यंत पोचली, हे खरं. पण बुडवणारे हात एकट्या त्यांचेच, हे काही पटत नाही. आणि नुसतं चिडण्यापलीकडे आपल्याला काही करायचं असेल, तर पैसा नेमका कुठून निघाला आणि कुठे गेला ते आधी बघायला हवं.

लग्नाचा बस्ता आठवा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा बस्ता तालुक्याच्या एखाद्या जुन्या पेढीत बांधला गेला असेल. पांढऱ्या गादीवर दोन्हीकडची मंडळी मांडी घालून बसायची, दुकानदार चहा मागवायचा आणि दुपार कलेपर्यंत घड्या मोडल्या जायच्या. नवरीचा शालू, मामाकडची पिवळी अष्टपुत्री, वरमाईची भारी साडी, करवल्यांच्या, आत्या-मावश्यांच्या मानाच्या, मग खालच्या भावातल्या पाच-पंचवीस देण्याघेण्याच्या, पुरुषांसाठी फेटे आणि टॉवेल-टोप्या. एका बस्त्यात येवल्याचं रेशीम असे, मालेगावच्या यंत्रमागाची साडी असे, सोलापूरची चादर नि टॉवेल असे, इचलकरंजीचं कापड असे. निम्म्या महाराष्ट्राचे माग एका गादीवर एकत्र यायचे.

आता सांगा, त्या सगळ्या यादीत नवऱ्या मुलीची आवड कुठे होती? शालूचा रंग तिला कुणी विचारला असेल तर ती नशीबवान. बाकी सगळं रीतीप्रमाणे. कुणाला काय द्यायचं, किती भारी द्यायचं, कुणाच्या साडीपेक्षा कुणाची उजवी दिसता कामा नये, हे आधीच ठरलेलं. बारसं, डोहाळजेवण, मंगळागौर, दिवाळसण, धोंड्याच्या महिन्यात जावयाला द्यायचं ताम्हन, सगळीकडे तेच. आपल्या जुन्या धंद्यांचं खरं गिऱ्हाईक रीत होती. विणकराला, तांबटाला, चांभाराला आपला माल कुणाला आवडेल याची चिंता करावी लागत नव्हती, कारण रीत कधी ‘मला नको’ म्हणत नाही.

मुलांनी हे गिऱ्हाईक काढून घेतलं. ती आवडलं तर घेतात, नाही तर घेत नाहीत. माझ्या मते सगळ्या बदलाची मेख इथे आहे, त्यांच्या बुटांत किंवा सहलींत नाही.

आणि रीत सुटली याचं मला तरी सरसकट वाईट वाटत नाही. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ अशी ओळ छापायला लागली तेव्हा कितीतरी घरांनी सुटकेचा श्वास टाकला. आहेराची ती साडी कुणी नेसत नसे. ती एका कपाटातून दुसऱ्या कपाटात फिरायची, घडीवरची पिनसुद्धा तशीच. एकदा तर फिरत फिरत ती मूळ मालकिणीकडेच परत आल्याचं तुम्हीही ऐकलं असेल. अशा साड्या आणि टॉवेल-टोप्या विणणारे माग आता कमी कामात असतील, तर त्याची हळहळ वाटते. पण त्या कामाचा काही भाग मुलीच्या बापाच्या कर्जावर उभा होता, हेही विसरू नये. तो गेला ते बरंच झालं. मुलं म्हणाली, ‘बाबा, मानपानात दोन लाख घालू नका,’ तर त्यांना उधळी म्हणायचं की शहाणी?

मग तो पैसा जातो कुठे? लग्नापुरतं म्हणाल तर फोटो, व्हिडिओ, सजावट, मेकअप आणि संध्याकाळच्या स्वागताला भाड्याने आणलेला लेहंगा. एरवीचं उत्तर मात्र वेगळं आहे. आपल्या पिढीचा मोठा खर्च सणावाराला, लग्नसराईत आणि पीक हातात आल्यावर व्हायचा. मुलांचा खर्च महिन्याला होतो. खोलीचं भाडं, फोनचा हप्ता, गाडीचा हप्ता, इंटरनेट, जिमची फी, दोन-तीन वाहिन्यांची वर्गणी, रात्री उशिरा घरी आल्यावर मागवलेलं जेवण. पगार आला की पहिल्या आठवड्यात यातलं बरंचसं आपोआप कापलं जातं. उरलेल्यात जी हौस करायची ती लहान आणि लगेच हातात येणारी. रेशमी साडीसाठी पैसे साठवायला लागणारा धीर त्यांच्यात नाही, असं आपण म्हणतो. पण साठवायला आधी उरावं लागतं.

हे शहरी मुलांचं खूळ आहे, अशीही समजूत नको. सरकारच्या 2022-23 च्या कौटुंबिक खर्चाच्या सर्वेक्षणात खेड्यातल्या कुटुंबाचा खाण्यापिण्यावरचा खर्च पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली, साधारण 46 टक्क्यांवर आला. शहरात तो 39 टक्के. म्हणजे खेड्यातल्या घरातही आता अर्ध्याहून जास्त पैसा पोटापलीकडे जातो आहे. गावच्या जत्रेत लुगडं आणि वहाणा घेणारा माणूस आज मोटारसायकलमध्ये पेट्रोल आणि मोबाइलमध्ये पैसे भरतो. मुलगा पुण्यात असो की पाथर्डीत, खर्चाचा साचा तोच.

यात जागेचाही प्रश्न आहे, आणि तो फार कुणी बोलून दाखवत नाही. तुमची मुलगी तीन मैत्रिणींबरोबर राहते, एका कपाटाचे दोन कप्पे तिच्या वाट्याला. वर्ष-दीड वर्षाने नोकरी बदलते, घर बदलतं, कधी गावही बदलतं. रेशमी वस्त्र मलमलीत गुंडाळायचं, दर काही महिन्यांनी घडी बदलायची, जरीला डांबरगोळी लागू द्यायची नाही, ओल लागू द्यायची नाही. हे सगळं तिने त्या दोन कप्प्यांत कसं करायचं? ‘माझी साडी तुझ्याकडेच ठेव’ असं ती म्हणते तेव्हा तिला साडी नको असते असं नाही. ती ठेवायला घर नसतं.

आता जरा आपल्याकडेच वळू. जुन्या वस्तू घरातून पहिल्यांदा कुणी बाहेर काढल्या? आपल्या आयांनी आणि आज्यांनी. दारावर जरीवाला यायचा. खऱ्या जरीची जुनी, विरलेली पैठणी तो वजनावर घ्यायचा, जाळायचा आणि तिच्यातली चांदी काढायचा. आजीच्या लग्नातला मोर असा कितीतरी घरांतून राख होऊन गेला. जुने कपडे देऊन बोहारणीकडून स्टीलचे डबे घेतले गेले. पितळेची घंगाळं, तांब्याचे बंब, कल्हईची पातेली मोडीत निघाली, कारण स्टील घासायला सोपं आणि दिसायला लखलखीत. कल्हईवाल्याची हाक गल्लीतून नाहीशी झाली तेव्हा आजची मुलं जन्मालाही आली नव्हती. नऊवारी लुगडं रोजच्या वापरातून गेलं, तेही त्यांच्या आधी. आधी सहावारी आली, मग घरात गाऊन आणि बाहेर पंजाबी ड्रेस. लुगडी विणणाऱ्या मागांचं रोजचं गिऱ्हाईक तिथेच संपलं. त्या बायकांना मी दोष देत नाही. चुलीपासून कचेरीपर्यंत ज्यांना दिवस काढायचा होता त्यांनी सोयीचं ते निवडलं. मुलंही तेच करताहेत. फक्त आपल्या सोयीला आपण सुधारणा म्हणालो आणि त्यांच्या सोयीला चैन म्हणतो.

पैठणीचंच बघा, कारण तिच्याबद्दल आपण सगळ्यात जास्त उसासे टाकतो.

नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात आजही गल्लीगल्लीत माग आहेत. खड्डा-मागावर विणकर पाय खाली सोडून बसतो. साडीचं अंग विणताना धोटा इकडून तिकडे धावतो, आवाजाला एक लय असते. पदर आला की ही लय थांबते. तिथे धोटा चालत नाही. ताण्यावर रंगीत रेशमाच्या छोट्या-छोट्या तिल्ल्या ओळीने पडलेल्या असतात, कुठे हिरवी, कुठे राणी, कुठे जांभळी. विणकर ताण्याचे धागे बोटांनी मोजतो, एक तिल्ली तेवढ्याच धाग्यांतून काढतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात तिला अडकवतो, ठेवतो, पुढची उचलतो. अशी आडवी एक ओळ पुरी झाली की फणीचा ठोका. मग पुढची ओळ. मोराचा एक डोळा पुरा व्हायला कितीतरी ओळी लागतात. भरलेला पदर असेल तर दिवसभर बसून इंच-दोन इंच पुढे सरकतो. घरातली बाई मागे रहाटावर कांड्या भरत असते. तिचं नाव साडीच्या किमतीत कुठे धरलेलं नसतं. रेशीम बहुतेक बंगळूरकडून येतं, जर सुरतेहून.

धागे असे एकमेकांत अडकवल्यामुळे पैठणी उलटीकडूनही तशीच दिसते. सुलट-उलट जवळपास सारखं, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. अस्सल हातमागाची ओळख पटवायला एवढं पुरे आहे. यंत्रावरची ‘सेमी पैठणी’ उलटी करा, नक्षीच्या मागे धाग्यांचं जंजाळ दिसेल किंवा ते कापून टाकलेलं दिसेल. हातमागाची अगदी साधी पैठणी आठ-दहा हजारांच्या आसपास सुरू होते आणि भरजरी असेल तर लाखाच्या वर जाते. सेमी दीड-दोन हजारांत मिळते.

ही सेमी पैठणी कुणी चालवली? कॉलेजातल्या पोरींनी? त्या तर साडीच नेसत नाहीत, अशी आपली तक्रार आहे. ती चालवली आपण. 2004 साली ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं, घराघरांतल्या वहिनी टीव्हीवर पैठणी जिंकायला लागल्या आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक बाईला आपल्याकडे एक तरी पैठणी हवी असं वाटलं. येवल्याचं नाव झालं, मागणी वाढली, हे त्या कार्यक्रमाचं श्रेय आहेच. पण ती हौस हातमागाच्या किमतीत पुरी होणारी नव्हती, वेळातही नव्हती. मग भिशीच्या बायकांनी एकसारख्या बारा घेतल्या, भजनी मंडळाने गणवेश म्हणून घेतल्या, गणपतीला घेतल्या आणि भेट म्हणूनही दिल्या. ज्याला परवडत नाही त्याने सेमी नेसावी, त्यात कमीपणा नाही. राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. ‘खरीच आहे हो, येवल्याचीच’ असं सांगून ती विकली जाते आणि आपण उलटी करून बघतही नाही. काही वस्तू फक्त हातमागावरच विणायच्या असा 1985 चा कायदा आहे. 2010 पासून पैठणीला भौगोलिक मानांकनही आहे. पण गिऱ्हाईकच पारखत नसेल तर कायदा कुणाच्या मागे काठी घेऊन फिरणार? मुलीला अस्सल आणि नक्कल यातला फरक कळत नाही, कारण घरात तिला कुणी दाखवलाच नाही.

इथवर आपण गिऱ्हाइकाचं बोललो. मागावर बसणाऱ्याच्या घरातही तरुण पोरं आहेत, आणि या विषयात त्यांना सगळे विसरतात.

विणकराच्या मुलालाही फोन हवा असतो. त्यालाही मोटारसायकल लागते, बहिणीला नर्सिंगला घालायचं असतं. त्याच्या खर्चाचा साचाही महिन्याचाच झाला आहे. आणि मागाचा पैसा महिन्याचा नाही. साडी मागावरून उतरली की मजुरी. पदर मोठा असेल तर दोन-दोन महिने थांबा. मधल्या काळात घर चालवायला व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची, मग ती फिटेपर्यंत त्याच्याकडेच विणायचं, तो सांगेल त्या भावाने. पोरगं हे लहानपणापासून बघतं. नाशिकच्या कारखान्यात किंवा गोदामात बारा-पंधरा हजार मिळत असतील तर ते तिकडे जातं, कारण ते एक तारखेला मिळतात. 2019-20 च्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशातली साधारण 31 लाख कुटुंबं या कामात मोजली गेली आणि त्यांतल्या जवळपास दोनतृतीयांश घरांची महिन्याची कमाई पाच हजारांच्या आत निघाली. पैठणीचा कुशल विणकर याहून बरं कमावतो, पण त्याच्या मुलाने स्वतःची तुलना दुसऱ्या विणकराशी का करावी? तो शाळेतल्या मित्राशी करतो.

म्हणून ‘परंपरा टिकली पाहिजे’ असं आपण दिवाणखान्यात बसून म्हणतो तेव्हा जरा जपून म्हणावं. आपल्या मुलाने इंजिनिअर व्हावं आणि त्यांच्या मुलाने खड्ड्यात पाय सोडून परंपरा टिकवावी, असा त्याचा अर्थ होतो. मागावर बसायला माणूस हवा असेल तर त्याला महिन्याला पुरेल असा पैसा सुटायला हवा, आणि तो साडीच्या भावातूनच सुटणार.

बरं, आवडीने घेणारं गिऱ्हाईक मिळालं तर काय होतं, तेही दिसायला लागलं आहे. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासून तिथे तांबं ठोकलं जातं. बंब आणि घंगाळं यांच्यावर ती आळी जगली. गीझर आला तेव्हा बंबाचं काम आटलं, तपेली स्टीलने खाल्ली. पण तांबटांचं एक खास कसब होतं, मठार. भांडं घडल्यावर गुळगुळीत केलेल्या हातोडीने त्यावर शेजारी-शेजारी, एका मापाचे ठोके मारत जायचं. त्याने पत्रा मजबूत होतो आणि उजेडात त्यावर खवल्यांसारखी चमक खेळते. हेच मठारकाम आता पाण्याच्या जगांवर, ताटांवर, कुंड्यांवर, दिव्यांच्या घुमटांवर दिसतं आणि ते घेतात कोण, तर नवं घर सजवणारी तिशीतली मुलं. तांबटाचा हात तोच, वस्तू बदलली. बंब घ्या म्हणून त्यांना कितीही गळ घातली असती तरी त्यांनी घेतला नसता.

कोल्हापुरीचं थोडक्यात सांगते. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या वहाणा मांडल्या, मूळ कुठलं याचा उच्चार न करता. आपल्याकडे ओरड झाली आणि मग त्यांनी भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं. त्या वेळी सर्वांत मोठ्याने कोण बोललं? हीच पोरं. मोबाइलवर त्यांनी रान उठवलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून या चपलेला मानांकन आहे, हे त्यातल्या अनेकांनी त्याच आठवड्यात वाचलं असेल, पण वाचलं. जीन्सखाली कोल्हापुरी घालणारी मुलं मला आता जास्त दिसतात. त्यांचा एकच घोटाळा होतो. ऑनलाइन चारशे रुपयांत आलेली, रेक्झिनचा पट्टा आणि रबराचा तळ असलेली चप्पल त्यांना कोल्हापुरी म्हणून गळ्यात मारली जाते. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याचा वास, तळाला तळ जोडताना घातलेली चामड्याचीच शिवण, नवी असताना पाय चावणारी आणि तेल-पाणी करून महिन्याभरात पायाच्या आकाराची होणारी वहाण, हे त्यांनी अनुभवलेलंच नसतं. तुम्ही अनुभवलं आहे. मग सांगायचं कुणी?

तर, आई-बाबांनो, मागणं एवढंच आहे. मुलांना पुन्हा रीतीला जुंपू नका. जुंपलीत तर ती तुमच्या समाधानासाठी एक साडी घेतील, कपाटात टाकतील आणि विषय मिटेल. त्याने ना विणकराचं भलं होणार, ना तुमचं. रीत गेली तर जाऊ द्या, ओळख तेवढी हाती द्या. आपल्याकडे ती अजून आहे. कापडाचा पोत अंगठा आणि बोटात धरून बघणं, जरीवर नख फिरवणं, साडी उलटी करणं, भांडं वाजवून बघणं, चामडं वाकवून बघणं, हे आपण आपल्या आयांच्या शेजारी दुकानात बसून शिकलो. आपण मात्र मुलांना बस्त्याला नेलं नाही, कारण त्या दिवशी त्यांचा क्लास होता. आता ती मोबाइलवर फोटो बघून घेतात, आणि फोटोत सेमी पैठणी अस्सल पैठणीपेक्षा जरा जास्तच चमकते.

तुमच्या कपाटात एखादी खरी असेल तर ती पुढच्या लग्नापर्यंत बंद ठेवू नका. मुलीला या दिवाळीला नेसू द्या. डाग पडेल म्हणून घाबरू नका, पडला तर पडला. नऊवारी शिवून घ्यायची म्हणाली तर ‘शिवलेली का?’ म्हणून तोंड वाकडं करू नका. जुन्या, विरलेल्या पैठणीचा पदर काढून तिला ओढणी किंवा जाकीट करून हवं असेल तर आढेवेढे न घेता द्या. जरीवाल्याला देण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. मुलाने लग्नात लाखाच्या शेरवानीऐवजी एक साधं हातमागाचं उपरणं निवडलं तर लोक काय म्हणतील याचा हिशेब करत बसू नका.

खर्चाचं बोलायचं तर मुलांशी त्यांच्याच हिशेबाने बोला. ‘एवढ्या पैशात दोन तोळे आले असते’ या भाषेने काही होत नाही, त्यांनी ती लहानपणापासून ऐकली आहे. त्यांना विचारा, फोन किती दिवस वापरतोस? तीन वर्षं. त्याच पैशातली चांगली साडी पंचवीस-तीस वर्षं जाते आणि मग मुलीकडे जाते. वर्षाला किती पडली ते त्यांनाच काढू दे, आकडेमोड त्यांना आपल्यापेक्षा चांगली येते. तरीही त्यांनी फोन घेतला तर घेऊ द्या. कामाची वस्तू आहे.

आणखी एक. आज येवल्यातले, कोल्हापुरातले तरुण कारागीर स्वतः मोबाइलवरून माल विकू लागले आहेत. मागावरचा पदर कुठवर आला ते रोज व्हिडिओत दाखवतात, पैसे थेट खात्यात घेतात. मधला दलाल गळला की मजुरीचे चार पैसे त्यांच्याच घरात राहतात. अशा ठिकाणी खरेदी करताना तुम्हाला भीती वाटेल, फसवलं तर? तुमच्या मुलांना वाटत नाही. म्हणजे पारख तुमची आणि मोबाइल त्यांचा, अशी दोघांनी मिळून एक तरी खरेदी करून बघा. आगाऊ रक्कम द्यावी लागली तर द्या. ती उचलीपेक्षा बरी, कारण ती घेऊन तो कुणाचा बांधील होत नाही, तुमची साडी पुरी केली की मोकळा.

आपल्यातली निम्मी घरं वर्षातून एकदा शिर्डीला जातात. दर्शन झालं की तसेच परत फिरतात. शिर्डीहून कोपरगाव ओलांडलं की येवलं तासाभराच्या आत येतं. पुढच्या वेळी गाडी तिकडे वळवा, मुलांना घेऊन. दुकानात शिरायच्या आधी एखाद्या मागाजवळ अर्धा तास थांबा, विणकर नाही म्हणत नाहीत. काही घ्यायलाच हवं असं नाही. घेतलंत तर उलटं करून बघा, मुलीच्या हातात देऊन तिला बघायला लावा. आणि मॉलमध्ये छापलेली किंमत आपण निमूटपणे देतो ना, तशीच इथेही द्या. मागाशेजारी उभं राहून विणकराशी घासाघीस करू नका.